वरून दिसणारा ऊस

पडद्यावर पृथ्वी फिरू लागली आणि अण्णाराव सावरून बसले.

लातूर जिल्हा होऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं. दुष्काळाने चाकूरकडची गावं पार भाजून काढली होती. अशात नव्या जिल्ह्याच्या माहिती खात्याच्या नव्या गाडीने आणलं काय, तर अंतराळातून काढलेला पृथ्वीचा माहितीपट! तरी सगळा गाव लोटला होता. बौद्ध वस्तीतली माणसं नेहमीसारखी पडद्याच्या मागच्या बाजूला बसली होती.

निळा समुद्र गेला, वाळवंट आलं. "तपकिरी दिसतं ते कोरडं," भोंगा सांगत होता, "हिरवं दिसतं तिथे पाणी."

अण्णारावांना जागेवर बसवेना. कुणी पाणी मागायला येऊ नये म्हणून आपली विहीर आटली असं त्यांनी गावभर सांगितलं होतं. मळ्याभोवती कापसाच्या पऱ्हाट्यांचं पुरुषभर उंच कुंपण घातलं होतं. आत एकरभर ऊस डोलत होता. वस्तीतले दिवे विझले की ते मोटर लावून त्याला पाणी सोडायचे. बंदोबस्त चोख होता. पण कुंपणाला छप्पर नसतं, हे काही या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

खेळ संपताच त्यांनी गाडीवाल्याला गाठलं. "साहेब, एकाच माणसाचं शेत दिसतंय का हो वरून?"

"आता शेत न् शेत दिसतं," रीळ आवरता आवरता तो म्हणाला. त्याला घरी जायची घाई होती.

कलेक्टर विहीर ताब्यात घेणार, पेपरात नाव येणार, सोयरे तोंडावर हसणार. अण्णारावांचा डोळा लागला नाही. त्यापेक्षा आपणच पाणी देऊन मोठेपणा घ्यावा, असं ठरवून ते उजाडताच वस्तीत पोचले. त्यांच्याच शेतात रोजाने जाणारी कोंडाबाई दारात बसली होती.

"कोंडाबाई, इहिरीला झरा फुटला बगा! देवाची किरपा. आजपासून वस्तीनं खुशाल पानी न्यावं."

कोंडाबाई उठली नाही. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"वरल्यांनी बघितलं म्हणून आलाव व्हय, मालक? आमी तर लई दिसांपासून ऐकायलोय. तुमची मोटर सुरू झाली की आमची लेकरं रडायची थांबत्यात. त्यांना वाटतंय, पानी आपल्यासाठीच यायलंय."