पहिलं नाव
नारायण पेठेतल्या आमच्या संस्थेने गेल्या वर्षीपासून शिष्यवृत्तीची पत्रं बंद करून निकाल वेबसाइटवर टाकला, त्याचं हे फळ. पहिली आलेली जिनत ‘नाव यादीत नाही’ असं छापलेला कागद घेऊन समोर उभी होती. वेबसाइट बनवणारा योगेश समजावत होता, “सर, नाव शोधणारं फंक्शन यादीतली जागा सांगतं. मोजणी शून्यापासून होते. पहिल्या नावाची जागा शून्य, आणि शून्य म्हणजे ‘नाही’ असं मी धरलं.” “म्हणजे हिने दुसरा नंबर काढला असता तर सापडली असती,” मी म्हणालो. “तपासलं होतं सर, पाचवं नाव बरोबर सापडलं.” जिनतला म्हटलं, “तू निदान विचारायला आलीस. गेल्या वर्षी पहिली आलेली मुलगी फिरकलीच नाही, शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली.” तिने पिशवीतून घडीवर फाटत आलेला दुसरा कागद काढला. मजकूर तोच, तारीख गेल्या वर्षीची.