खंडाची अट

"माझा अर्ज बाद झालाय, ताई," पौर्णिमा म्हणाली, आणि विमलताईंनी पुढे केलेला पेढा हातातच राहिला.

मूठभर मुलींना मिळणारी कॉलेजची शिष्यवृत्ती प्रत्येक गरजू मुलीला मिळावी म्हणून विमलताई तीन वर्षं मंत्रालयात खेटे घालत होत्या. गेल्याच महिन्यात आदेश निघाला होता.

"कशामुळं गं?"

"शिक्षणात दोन वर्षांहून जास्त खंड चालत नाही म्हणे."

विमलताईंना शेवटची बैठक आठवली. "एवढी अट राहू द्या बाई, आजच सही करतो," साहेब म्हणाले होते. अशा कितीशा मुली असणार, असा विचार करून त्यांनी मान डोलावली होती.

आणि ही समोरची पोर! कॉलेज सोडून तीन वर्षं गावोगाव पालकांच्या सह्या, अंगठे घेत फिरली. "आधी लढा जिंकू, मग खुशाल शीक," असं तिला त्याच म्हणाल्या होत्या.

"तोंड काय पाडता, ताई? पुन्हा सह्या गोळा करू की," म्हणत पौर्णिमाने टेबलावरचा शाईचा पॅड उचलला.

विमलताईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तू नाही. या खेपेला मी फिरते."