पिवळी रेघ

“आधी कसायचं, मग रेघ ओढायची. उलटं केलंस, तर रेघ खोटं बोलते.”

सकाळपासून स्वतःचंच हे वाक्य कारखान्यातल्या तपासनीस ताईंच्या डोक्यात घोळत होतं. समोर शिकंज्यात रायफल आवळलेली होती. तिच्यावरची दुर्बीण आणि दुर्बिणीला धरणारी पकड, दोन्ही याच कारखान्यातली. पकडीच्या स्क्रूवरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ गेली होती. स्क्रू जरा जरी फिरला, तरी अशी रेघ तुटते. ही अखंड होती. टोकाला किंचित वर वळलेली.

“झालं की मग,” साहेब म्हणाले. “रेघ शाबूत आहे, म्हणजे पकड हलली नाही. वनरक्षकाचाच हात हलला. लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“गोळ्या झाडून बघते, साहेब.”

“ताई, तुमचं म्हणजे ना! उद्या देवालाही पट्टी लावाल.”

“त्याचं माप चुकत नाही, साहेब. आपलं चुकतं.”

वनरक्षकाने जखमी रानडुकरावर नेम धरला होता. गोळी लागली त्याच्याच सोबत्याला, आणि सोबती गेला. “सकाळी नेम तपासला होता, मधोमध लागत होता. मग दिवसभर जीपमधून फिरलो,” एवढंच तो सांगत राहिला. कोण ऐकतंय? तो कोठडीत होता, आणि त्याची आई कारखान्याच्या फाटकाबाहेर बाकावर. काल ताई तिला पाणी द्यायला गेल्या, तेव्हा तिने त्यांचा हातच धरला.

“बाई, माझा पोर खोटारडा नाही हो.”

“नसेल, तर मी स्वतः तुमच्या घरी येऊन सांगेन,” ताई म्हणाल्या होत्या. “चूक कुणाचीही निघो.”

ताईंनी आधी नेम पुन्हा जुळवून घेतला. पहिल्या गोळ्या एकाच जागी लागल्या. अगदी मधोमध. साहेबांनी खांदे उडवले.

ताईंनी रायफल उचलून हादरणाऱ्या फळीवर बांधली. मागच्या महिन्यातल्या तापापासून त्यांचे हात लवकर भरून येत. खडबडीत रस्त्यावरच्या जीपसारखी फळी थडथडत राहिली. मग रायफल परत शिकंज्यात. परत गोळ्या.

भोकं डावीकडे सरकली होती.

पुन्हा फळी, पुन्हा गोळ्या. आणखी डावीकडे.

शेवटी त्यांनी पाना लावला. नीट कसलेला स्क्रू पान्याला सहजी दाद देत नाही. हा मुकाट्याने फिरला. इतके दिवस वाळलेल्या रंगानेच त्याला जागेवर धरून ठेवलं होतं.

“स्क्रू कसलेलाच नव्हता?” साहेब पुढे वाकले.

“नाही.”

“मग ही रेघ?”

“आधी ओढली. कसायचं राहून गेलं.”

“कुणी बसवली होती ही पकड?”

ताईंनी पाना पुसून जागेवर ठेवला. “निकाल लिहिते, साहेब. आज सही करा. तो पोरगा उगाच आत आहे.”

घरी आल्या तेव्हा लेक ताटं घेत होती. तीही त्याच कारखान्यात, पलीकडे पकडी बसवतात त्या शेडमध्ये. आज लवकर सुटली होती.

“आई, चपला नाही काढल्यास? बस ना, गरम आहे तोवर खाऊन घे.”

“मला त्या बाकावरच्या बाईंच्या घरी जायचंय. शब्द दिलाय. त्यांचा मुलगा खरं बोलत होता.”

लेकीच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“तूही चल,” ताई म्हणाल्या.

“मी कशाला?”

 ताई नुसत्या लेकीकडे बघत राहिल्या. तिच्या काजळाच्या रेघेचं टोक नेहमीसारखं किंचित वर वळलेलं होतं. बघता बघता ते ओघळलं.

तिने गॅस बंद केला. ताटं झाकली. चपला घातल्या. ताईंनी दाराला कुलूप लावलं आणि तिचा हात हातात घेतला.

पायऱ्या उतरताना लेक हळूच म्हणाली, “तू शिकवलं होतंस गं. पण त्या दिवशी तुला ताप चढला होता, आई. मला लवकर निघायचं होतं.”