वारसाच्या रकान्यात

“शालनताई, पेन्शनच्या कागदावर अजून तुमच्या आईचंच नाव आहे,” काजूच्या कारखान्यातले कारकून परुळेकर म्हणाले. “त्या तर गेल्या. आता तुमच्यामागे पेन्शन कोणाला द्यायची?”

शालनने लग्न केलं नव्हतं. आपण गेलो की पेन्शनही संपणार, असंच ती धरून चालली होती. “भाच्याचं नाव घालू?” तिने विचारलं. भाचा मुंबईला होता आणि गणपतीलासुद्धा येत नव्हता.

“घाला की. पण तुम्हाला नवरा, मुलं, आईवडील कोणी नाही, तेव्हा नात्यातलंच माणूस हवं असं नाही. ज्याचं नाव द्याल त्याला ती हयातभर मिळेल.”

शालनने खिडकीतून शेडकडे पाहिलं. लुईजा एकटीच बी फोडत बसली होती. सव्वीस वर्षं दोघी एकाच बाकावर होत्या. टायफॉइडमध्ये महिनाभर शालनला पेज भरवली ती लुईजानेच. शालनने तिचं नाव सांगितलं. सही करताना तिला फार बरं वाटलं.

दुपारी डबा खाताना तिने लुईजाला हे सांगितलं.

“मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी,” लुईजा म्हणाली. “आधी मीच जातलंय. माका काय मेळतला?”

“म्हणानच सांगतंय, माझ्यापेक्षा जास्त जगाचा तर सकाळी माझ्यावांगडा चालूक ये,” रोज पहाटे एकटीच फिरायला जाणारी शालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता शालनने दार उघडलं, तर लुईजा आपल्या गेलेल्या नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घालून अंगणात उभी होती.