एकाच माणसाच्या दोन चौकटी

आजोबा तीन झाले होते.

"एक झेपत नव्हता, आता तीन!" मावशीनं चष्मा कपाळावर चढवला. भाचा पोट धरून हसला.

घराण्याचं हे झाड त्यानंच इंटरनेटवर सुरू करून दिलं होतं. सगळ्या नातेवाइकांना आमंत्रणं धाडली होती, ज्याला जे ठाऊक त्यानं ते भरायचं. मग काय, उचललं बोट आणि लावलं पडद्याला. मावशीनं आजोबा घातले, धाकट्या काकांनी घातले, परदेशातल्या आतेबहिणीनंही घातले.

"दोन चौकटी निवडायच्या आणि विनंती पाठवायची," भाच्यानं दाखवलं. "हा आणि तो एकच माणूस आहे, म्हणून. समोरच्यानं होकार दिला की दोघांचा एक होतो."

"यंत्राला आपोआप कळत नाही?"

"नाही गं मावशी. माहीत असलेल्या माणसानंच सांगावं लागतं."

मावशी कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिची कार्यशाळा होती. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे आ वासून ओळीनं बसलेले. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे, असं ती ऐटीत सांगायची. भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जवळपास काम निघालं की जेवायला हक्कानं इथे यायचा. चाळिशी गाठली तरी मावशीच्या ताटातलं उचलून खायची खोड गेली नव्हती. हसला की थेट मावशी, असं सगळे म्हणत. मुलगा मावशीवर गेला, यात नवल ते काय?

थोरलीनं, म्हणजे भाच्याच्या आईनं, मात्र आमंत्रण तसंच पडू दिलं होतं. "मेलेल्यांना कशाला उठवता?" एवढंच म्हणाली होती.

पाहता पाहता झाड पडद्यावर मावेना. एका दुपारी मावशीनं सहज ते बोटांनी लहान लहान करत नेलं आणि तिचा हात थांबला. वर कुणी नावाडी, कुणी विणकर, कुणी घरातून पळालेली खापरपणजी. रोगराईतून, उपासमारीतून जगले-वाचलेले सगळे, रेषा रेषांनी खाली उतरत थेट तिच्यापर्यंत आले होते. एवढी माणसं तगली, तेव्हा कुठे आपली एक चौकट भरली! तिच्या अंगावर काटा आला. कवळ्यांचं काम तसंच टाकून ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली.

मग तिची नजर स्वतःच्या चौकटीखाली गेली. तिथे काहीच नव्हतं.

तिलाही एक झाला होता. प्रसूतिगृहात तापानं तिची शुद्ध हरपली होती, आणि ती शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी बसलेली. "गेला," आई म्हणाली. "बघू नकोस, जड जाईल." त्याच आठवड्यात बाजूच्या खोलीत थोरली बाळंत झाली होती. आधीची दोन पोटातच गेल्यावर तिला हा मुलगा, म्हणजे हाच भाचा, लाभला होता. एकाच घरात हसायचं की रडायचं? आईनं रडण्याला बंदी घातली. पुढे मावशीला दुसरं मूल झालं नाही, नवराही लवकर गेला. आई जिवंत असेपर्यंत त्या बाळाचा शब्दही कुणी काढला नाही, आणि आईला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

खापरपणजीला जागा आहे आणि माझ्या पोराला नाही, हे मावशीला सोसेना. पण थोरलीला विचारल्याशिवाय करायचं धाडस होईना. तिनं फोन लावला.

"ताई, त्याला झाडात घालू का?"

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"ताई?"

"ऐकतेय."

"नाव नाही ठेवलेलं. पण जागा तरी असू दे गं त्याला."

"कुठे ठेवशील?"

"माझ्याखाली. आणखी कुठे?"

"हो," थोरली म्हणाली. "तुझ्याखालीच हवा तो."

"तुला वाईट तर नाही ना वाटलं? आई असती तर रागावली असती."

"आई नाही आता." मग थोरली म्हणाली, "ते आमंत्रण उघडतात कसं, सांग मला."

मावशीनं सांगितलं. फोन ठेवला आणि चौकट उघडली. नावाची जागा कोरी सोडली. मुलगा, असं लिहिलं. जन्माची तारीख घातली, मृत्यूची तीच घातली. चौकट तिच्याखाली जाऊन बसली आणि वरून उतरलेली रेषा पहिल्यांदाच तिच्या पुढे गेली. मावशी मनसोक्त रडली. इतक्या वर्षांचं राहिलेलं रडून घेतलं आणि तिला फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मेणाच्या हिरडीत दात बसवत होती, तेवढ्यात फोन वाजला. झाडावर विनंती आली होती. "आता कुणाचे आजोबा?" असं पुटपुटत तिनं मेण लागलेल्या बोटांनीच ती उघडली.

डावीकडे तिचं बिननावाचं बाळ होतं. उजवीकडे भाचा, फोटोत खुशाल हसणारा. वर नेहमीचंच वाक्य: या दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत, एकत्र करायच्या का? आणि त्याखाली, एकत्र केल्यावर झाड कसं दिसेल ते चित्र. मृत्यूची तारीख नाही. भाचा थेट तिच्या चौकटीखाली.

धाकट्या काकांचं बोट पुन्हा भलतीकडे पडलं, असं म्हणत ती नकार द्यायला गेली. मग तिनं पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं.

विनंती थोरलीची होती.