चार लाडू, तीन मुलं

“चार सारखे लाडू तीन मुलांना किती प्रकारे वाटता येतील?” शिष्यवृत्ती परीक्षेतल्या या प्रश्नावर ढीगभर हरकती आल्या होत्या. उत्तरसूचीत तीन होतं. पोरांचं म्हणणं पंधरा. प्रत्येकाला किमान एक मिळावा, असं प्रश्नात कुठं लिहिलंय?

डोईफोडे मॅडम मुलांची बाजू मांडू लागल्या, तसे तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष बेलसरे सर उसळले. “अहो, ते लिहायला कशाला हवं? वाटणी म्हटली की प्रत्येकाला काहीतरी मिळणारच. घरातल्या एखाद्या लेकराचा हात रिकामा ठेवून कुणी लाडू वाटतं का?”

सगळ्यांना पटलं. हरकती फेटाळल्या गेल्या.

सर तिथून थेट दस्तनोंदणीच्या कार्यालयात पोचले. धाकटा भाऊ आणि बहीण वाटच पाहत होते. वडिलांचे चार प्लॉट होते. दोघा भावांना दोन-दोन, आणि बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, असं ठरलं होतं.

“स्वखुशीनं सोडताय ना, बाई?” कारकुनानं विचारलं. बहिणीनं दादाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

यंदा शिष्यवृत्तीला बसलेली भाची बाकावरून उठून जवळ आली. “मामा, त्या लाडवांच्या गणिताचं उत्तर काय धरलं?”

“तीनच. वाटणीत प्रत्येकाला मिळायलाच हवं.”

“मग माझं चुकलं,” आईच्या अंगठ्याची शाई पुसत ती म्हणाली. “मी दोन, दोन, शून्यसुद्धा धरलं होतं.”