पाचवा द्रोण

पळसाच्या पानांचा द्रोण समाजमंदिराच्या फरशीवर मधोमध ठेवला होता आणि सगळं गाव त्याच्यापासून चार हात लांब बसलं होतं. द्रोणात पांढरी भुकटी होती. भुकटीत एक वाळकं झुरळ उताणं पडलेलं. द्रोण पोलीस पाटलांनी आणला होता, चिमट्यानं.

"असे पाच हायेत घरात," लटारू म्हणाला. "वयनीच्या उंबऱ्यातल्या ह्या द्रोणावरून पाय टाकला, अन् तीन दिवस हातातला लोटा सुटला नाई माह्या."

गाव हळहळलं. भाऊ वारल्यापासून लटारू रोज संध्याकाळी त्याच्या घराची काळजी घ्यायला जायचा. भावजयीनं, आशाबाईनं, आतून कडी लावली की त्याची काळजी वाढायची. मग तो दार बडवायचा. शेजारी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. गेला महिनाभर मात्र तो रस्त्याच्या पलीकडूनच काळजी करत होता.

त्याची मागणी साधी होती. असल्या बाईला गावाबाहेर काढा. घर सांभाळायला तो तयार होता.

'करणी' हा शब्द कोणी तोंडातून काढू नका, असं पाटलांनी आधीच बजावलं होतं. कायदा आहे, बोलणारा आत जातो. म्हणून सगळे नुसतं 'ते' म्हणत होते.

तेवढ्यात कुरखेड्याहून किराणावाला इनायत आला. भुकटी त्याच्या दुकानातली, म्हणून पाटलांनीच त्याला बोलावलं होतं. तो द्रोणापाशी बसला, झुरळ बाजूला सारलं आणि चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली. मागून एक बाई किंचाळली.

"खायचा सोडा हाये, पाटील. साखर मिसळली हाये. झुरळ साखरेच्या नादानं येते अन् सोडा खाऊन मरते. मीच सांगतलं आशाबाईले, चार कोपऱ्यांत चार द्रोण ठेव म्हणून." त्यानं बोटं धोतराला पुसली. "पाचवा उंबऱ्यात काऊन ठेवला, ते मले मालूम नाई."

पंगतीत बसल्यावर भात संपल्याचं कळावं तसे गावाचे चेहरे झाले. लटारूचा चेहरा मात्र खुलला.

"सोडाच हाये व्हय!" तो म्हणाला. "मंग काय भ्यायचं? येतो वयनी आज संध्याकाळी. चहा ठेवजा."

पाटलांनाही घरी जायची घाई होती. "हो म्हण आशाबाई, सोडाच हाये म्हण. सुटली तू."

आशाबाई इतका वेळ खांबाला टेकून बसली होती. ती उठली. तिनं आधी पाटलांकडे पाहिलं, मग लटारूकडे.

"चार द्रोणांत सोडाच हाये, पाटील. पाचव्यात काय हाये, ते भाऊजींनी आज पाय टाकून पाहावं."

लटारूचा हात आपोआप पोटावर गेला.

"पाटील," इनायतनं हळूच विचारलं, "हा कोणता द्रोण?"

"उंबऱ्यातला."

इनायत बाहेर नळावर गेला आणि बराच वेळ चुळा भरत राहिला.

मग गावानं एकमुखानं ठरवलं की, आशाबाईचं सामान आजच बाहेर काढायचं. सामान काढायला आत कोण जाणार, असं पाटलांनी विचारलं. एकाला म्हशी आठवल्या, एकाला धान आठवलं. लटारू सगळ्यांच्या आधी निघाला.

आशाबाईनं द्रोण हातानंच उचलला आणि ती घरी आली. झुरळं पहिल्याच आठवड्यात संपली होती. तिनं कोपऱ्यांतले चारही द्रोण उकिरड्यावर टाकले. उंबऱ्यातला अर्धा झाला होता. सोडाही कधीच संपला होता. तिनं त्यात मूठभर तांदळाचं पीठ भरलं, तो जागेवर ठेवला आणि दार सताड उघडं टाकून चूल पेटवायला बसली.